दहा मिनिटांची शांत रेघ

मेंदूतील मायक्रोग्लिया या प्रतिकारपेशींमध्ये कॅल्शियमचे संकेत कसे उठतात, हे मोजायला शिकण्यात माझ्या पीएच.डी.ची पहिली तीन वर्षे गेली. पुण्यातील एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, खिडक्यांना काळा कागद लावलेल्या एका लहानशा खोलीत मी हे काम केले. त्या तीन वर्षांतील आठ महिन्यांच्या नोंदी मला बाजूला ठेवाव्या लागल्या. त्या का ठेवाव्या लागल्या आणि त्यानंतर ही पेशी मला कशी कळू लागली, हे सविस्तर लिहून काढावे असे बरेच दिवस मनात होते, कारण शोधनिबंधात हा भाग येत नाही. तिथे येतो तो शेवटचा, नीटनेटका आलेख.

मायक्रोग्लियाला हे नाव स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-होर्तेगा यांनी १९१९ साली दिले. चांदीच्या क्षारांनी मेंदूचे काप रंगवण्याची नवी रीत त्यांनी बसवली आणि चेतापेशींच्या गर्दीत दडलेल्या, बारीक फांद्यांच्या या पेशी प्रथमच स्वच्छ वेगळ्या दिसल्या. या पेशी मूळच्या मेंदूतल्या नव्हेत. गर्भ अगदी लहान असतानाच पीतक कोशातून (गर्भाला जोडलेल्या एका पिशवीतून) निघून त्या मेंदूत येतात आणि मग कायमच्या तिथल्याच होतात. निरोगी मेंदूत त्या स्वस्थ बसून असतात असा दीर्घकाळ समज होता. २००५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी जिवंत उंदराच्या मेंदूत द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले, तेव्हा त्यांच्या फांद्यांची टोके सतत पुढे-मागे होत असल्याचे दिसले, आणि लेसरने सूक्ष्म इजा करताच आसपासच्या पेशींच्या फांद्या काही मिनिटांत त्या जागेकडे वळल्या. त्यांना बोलावणारे मुख्य रसायन म्हणजे एटीपी. पेशीच्या आत असताना जे ऊर्जा पुरवते, तेच एटीपी पेशी फाटून बाहेर सांडले की शेजारच्या मायक्रोग्लियासाठी इजेची वर्दी ठरते.

ही वर्दी पेशीच्या आत फिरवण्याचे मोठे काम कॅल्शियम करते. पेशीबाहेरच्या द्रवात कॅल्शियमचे प्रमाण साधारण १ ते २ मिलिमोलर असते, तर पेशीद्रवात जेमतेम १०० नॅनोमोलर. म्हणजे दहा हजार पटींहून अधिक फरक. हा फरक टिकवण्यासाठी पेशी अहोरात्र कॅल्शियम बाहेर उपसत असते किंवा अंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्याच्या, पोकळीत साठवून ठेवत असते. एवढा फरक असल्यामुळेच एखादे दार क्षणभर किलकिले झाले तरी आतले प्रमाण एकदम चढते, आणि त्या चढण्याचा अर्थ लावणारी प्रथिने पेशीत जागोजाग तयार असतात. चेतापेशींमध्ये हे संकेत विजेच्या जोडीने चालतात, म्हणून तिथे मोजायला विद्युत-नोंदीही हाताशी असतात. मायक्रोग्लिया मात्र चेतापेशींसारखे विद्युत-ठोके देत नाहीत. त्यांच्या मनात काय चालले आहे हे कळण्याची, क्षणाक्षणाला बघता येईल अशी खिडकी म्हणजे मुख्यतः कॅल्शियमच.

खिडकीपर्यंत पोहोचण्याआधी पेशी हातात यावी लागते. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी घेऊन, जन्मून एक-दोन दिवस झालेल्या उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूपासून आम्ही कल्चर करत असू, म्हणजे त्यातल्या पेशी डिशमध्ये वाढवत असू. यातले सगळ्यात कठीण काम मेंदूवरचे आवरण सोलण्याचे. दोन टोकदार चिमटे, खाली बर्फावर ठेवलेली डिश आणि वर दुरबिणीसारखा जोड-भिंगाचा सूक्ष्मदर्शक. एका चिमट्याने मेंदू नुसता टेकवून धरायचा आणि दुसऱ्याने ते ओले, पारदर्शक, रक्तवाहिन्यांच्या लाल धाग्यांचे आवरण एका कडेने उचलून हळूहळू ओढत न्यायचे. भिजवलेल्या बदामाची साल निघते तसे ते कधी अखंड निघते आणि कधी मध्येच फाटते. फाटलेला तुकडा मेंदूच्या खाचेत राहिला तर आवरणातील इतर पेशी कल्चरमध्ये येतात आणि दोन आठवड्यांनी सगळी मेहनत वाया जाते. हे हाताला बसेपर्यंत मला चार महिने लागले. लॅबमधली सीनियर ताई माझ्या शेजारी बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, की चिमटा ओढू नकोस, आवरण स्वतः सरकेल एवढाच ताण दे.

त्यानंतर ट्रिप्सिन या विकराने पेशी सुट्या करून फ्लास्कमध्ये टाकायच्या आणि थांबायचे. दहा ते चौदा दिवसांत तळाला ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्याच दुसऱ्या प्रकारच्या पेशींची गालिच्यासारखी चादर तयार होते आणि तिच्यावर मायक्रोग्लिया गोल, चमकदार मण्यांसारख्या हलक्या चिकटून बसलेल्या दिसतात. फ्लास्क शेकरवर मिनिटाला सुमारे दोनशे फेऱ्यांनी तासभर हलवला की त्या सुटून वरच्या द्रवात येतात. आठ पिल्लांमागे मिळणाऱ्या पेशी मोजक्याच असत. एका जुलैत इन्क्युबेटरमध्ये बुरशी शिरली आणि सलग तीन तुकड्या टाकून द्याव्या लागल्या. पावसाळ्यात कल्चर करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे कधी ना कधी येतेच.

कॅल्शियम दिसावे म्हणून मी फ्युरा-२ हा रंग वापरला. रॉजर त्सिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. याच त्सिएन यांना पुढे २००८ मध्ये हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनावरील कामासाठी रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. फ्युरा-२ ची रचना मला आजही विलक्षण वाटते. कॅल्शियम पकडलेला रंग ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात जास्त चमकतो आणि मोकळा रंग ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशात. आळीपाळीने दोन्ही प्रकाश टाकायचे, उजेड ५१० नॅनोमीटरच्या आसपास टिपायचा आणि एकाला दुसऱ्याने भागायचे. भागाकार घेतल्यामुळे पेशी जाड आहे की पातळ, तिच्यात रंग जास्त शिरला की कमी, याचा परिणाम बराचसा निघून जातो आणि उरते ते कॅल्शियम. रंग पेशीत शिरावा म्हणून त्याला एस्टरचे गट जोडलेले असतात. आत गेल्यावर पेशीचीच विकरे ते गट तोडतात आणि रंग आत अडकून पडतो. त्यासाठी अंधारात अर्धा तास रंग आणि पुढे आणखी अर्धा तास नुसता बफर, म्हणजे पेशींना मानवणारे क्षारांचे द्रावण, असा एक तास द्यावा लागतो. मी हा दुसरा अर्धा तास सुरुवातीला घाईने कमी करत असे आणि मग अर्धवट तुटलेला रंग कॅल्शियमला दाद न देता नुसता चमकत राही.

पहिला चांगला आलेख मिळाला तो दिवस मला लख्ख आठवतो. डिशमध्ये २० मायक्रोमोलर एटीपी पिपेटने सोडले आणि काही सेकंदांत पडद्यावरील जवळजवळ प्रत्येक पेशी निळ्याची पिवळी, पिवळ्याची लाल झाली. रंग अर्थात संगणकाने दिलेले होते, पण त्यांच्यामागचे चढणारे कॅल्शियम खरे होते. दूध तापून एकदम वर येते तसा तो चढ होता. त्यानंतर आठ महिने मी एटीपीच्या वेगवेगळ्या मात्रा देत गेले, पेशी मोजत गेले, आणि माझ्या वहीत आलेख साठत गेले. लहान मात्रेलाही उत्तर मिळत होते, अगदी ०.१ मायक्रोमोलरलासुद्धा, आणि मायक्रोग्लिया किती संवेदनशील आहेत याचा मला आनंद होत होता.

वार्षिक आढाव्याच्या आधी मी ते सगळे आलेख माझ्या मार्गदर्शक मॅडमपुढे ठेवले. मॅडमनी सगळ्यांत लहान मात्रेचा आलेख उचलला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, “नुसता बफर टाकून बघितलंस का?”

बघितले होते, पण पहिल्या आठवड्यात, दोनच डिशमध्ये आणि तेही पिपेट अगदी कडेला धरून. त्या दुपारी मी एटीपी नसलेला बफर, त्याच आकारमानाचा, त्याच वेगाने, रोज जिथे सोडत असे त्याच जागी सोडला. पेशी उठल्या. सगळ्या नव्हे, पण निम्म्याहून जास्त. चढ थोडा कमी आणि थोडा उशिरा होता, मात्र माझ्या लहान मात्रांच्या आलेखांच्या शेजारी ठेवल्यावर मला स्वतःला फरक सांगता येईना. मी पुन्हा केले आणि पुन्हा तेच झाले. त्या रात्री वसतिगृहात जेवायला न जाता मी वहीची पाने उलटत बसले होते, आणि कुठल्या आलेखात एटीपी बोलत होते व कुठल्या आलेखात माझ्या पिपेटचा धक्का, हे एकाही पानावरून ठरवता येत नव्हते.

कारण शोधायला आम्ही बफरमध्ये एपायरेझ हे विकर घातले. ते बाहेर सांडलेल्या एटीपीचे लगेच तुकडे करते. एपायरेझ असताना बफरच्या धक्क्याला मिळणारे उत्तर बरेचसे मावळले. याचा अर्थ सरळ होता. द्रवाच्या झोताने पेशींना धक्का बसतो, धक्का बसला की पेशी स्वतःच थोडे एटीपी बाहेर सोडतात, आणि ते एटीपी शेजारणीला उठवते. मी बाहेरून दिलेले एटीपी मोजत आहे असे समजत होते तेव्हा निदान लहान मात्रांच्या बाबतीत पेशी एकमेकींना देत असलेली वर्दीच मोजत होते. चूक मोठी होती. पण या पेशी एवढ्याशा झोताचीही दखल घेतात, हे मला वाचून नव्हे, तर त्या चुकीतून पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळले. मेंदूत इजा शोधत फिरणे हेच जिचे काम, तिला हात लावताना हात लागल्याची नोंद होणारच.

आठ महिन्यांच्या नोंदी बाजूला ठेवून आम्ही सगळी मांडणी बदलली. पिपेट बंद केले. दवाखान्यात सलाईन लावायला वापरतात ते नळीचे संच आणून, दोन बाटल्या एकाच उंचीवर टांगून, थेंब मोजायची चकती फिरवून डिशमधून सतत संथ प्रवाह ठेवला: मिनिटाला सुमारे एक मिलिलिटर. बफर आणि एटीपी दोन्ही त्याच वेगाने येतील, बाटली बदलताना प्रवाह तुटणार नाही आणि प्रत्येक नोंदीत आधी बफरवरून बफरवर बदल करून दाखवायचा, हा नियम केला. सगळ्यांत महत्त्वाचा नियम मॅडमचा होता: काहीही देण्याआधी दहा मिनिटे पेशी नुसती बघायची. त्या दहा मिनिटांत आलेखावरची कॅल्शियमची रेघ सपाट राहिली नाही, तर ती डिश मोजायची नाही.

सपाट रेघ मिळवणे हे एटीपीचा चढ मिळवण्यापेक्षा कितीतरी अवघड निघाले. अतिनील प्रकाश पेशींना सोसत नाही, म्हणून त्याची तीव्रता कमी केली आणि दर सेकंदाऐवजी दर तीन सेकंदांनी एक चित्र घेऊ लागलो. रंग हळूहळू गळत होता. तो रोखायला अनेक जण प्रोबेनेसिड वापरतात, पण पेशींमधून एटीपी ज्या पॅनेक्सिन मार्गांनी बाहेर पडते त्यांनाही ते औषध अडवते. ज्या गोष्टीचा शोध घ्यायचा तिच्याच वाटेत दगड ठेवण्यासारखे ते झाले असते. आम्ही ते टाळले आणि नोंदी लहान ठेवल्या. अशा अनेक बारीक बदलांनंतर, पाचव्या आठवड्यात, पस्तीस पेशींच्या पस्तीस रेघा दहा मिनिटे जवळजवळ आडव्या राहिल्या. खोलीत पंप आणि दिव्याचा आवाज होता, बाकी काही नव्हते. मी त्या रेघांकडे पाहत असताना मला जे समाधान वाटले, ते पहिल्या चढाच्या वेळी वाटले नव्हते.

आता एटीपी दिल्यावर जे दिसले त्याला दोन भाग होते: एक टोकदार चढ आणि त्यामागे लांबलेला, उतरायला तयार नसलेला पठारासारखा भाग. बाहेरच्या बफरमधून कॅल्शियम काढून टाकले की पठार जाई आणि टोक राही. टोकाचे कॅल्शियम पेशीच्या आतल्या साठ्यातून येत होते. पेशीपटलावरचे पी२वाय प्रकारचे ग्राही (संकेत ओळखणारी प्रथिने) एटीपी किंवा ते तुटून होणारे एडीपी ओळखतात, त्यातून आयपी३ हे लहान रेणू तयार होतात, आणि ते अंतर्द्रव्यजालिकेची दारे उघडतात. साठा रिता झाला की स्टिम१ हे प्रथिन ते ओळखते, पेशीपटलावरील ओराय१ मार्ग उघडते आणि बाहेरचे कॅल्शियम आत येऊन पठार तयार होते. थॅप्सिगार्जिनने साठा पुन्हा भरणारा पंप बंद करून साठा आधीच रिता केला, तर टोकही नाहीसे होई.

कॅल्शियमविरहित बफरनेही एकदा फसवले. क्षार घातला नाही म्हणजे कॅल्शियम नाही, असे मी धरून चालले होते. पण पाण्यातून, काचेतून आणि इतर रसायनांतून काही मायक्रोमोलर कॅल्शियम येतेच, आणि पठाराचा थोडा अंश त्यावर टिकून होता. ईजीटीए हे कॅल्शियम पकडणारे रसायन घालून तेही बांधून टाकल्यावरच रेघ खाली आली. सिडनी रिंगर यांची गोष्ट तेव्हा मला फार जवळची वाटली. बेडकाचे हृदय ज्या द्रावणात नीट धडधडत होते ते लंडनच्या नळाच्या पाण्याने केलेले होते. शुद्ध पाणी वापरताच ते मंदावले, आणि त्यातून १८८३ मध्ये त्यांनी दाखवले की हृदयाला कॅल्शियम लागते. त्यांना पाण्यातल्या कॅल्शियमने वाट दाखवली होती आणि मला चकवले होते, पण पाणी तपासण्याचा धडा एकच होता.

तिसऱ्या वर्षी आम्ही जंतूंच्या आवरणातील एलपीएस हा घटक पेशींना चोवीस तास देऊन त्या चेतवल्या. बर्लिनमधील एका गटाने २००३ मध्ये दाखवले होते की अशा पेशींत शांत असतानाचे कॅल्शियम कायम चढलेले राहते आणि बाहेरून संकेत दिल्यावर मिळणारा चढ मात्र खुजा होतो. आमच्या रेघा तेच सांगत होत्या. चेतवलेल्या पेशी सपाट होत्या, पण वरच्या पातळीवर सपाट. एटीपी दिले की थोड्या हलायच्या आणि थांबायच्या. दाहात सापडलेली मायक्रोग्लिया अधिक तल्लख होत असेल असे मी आधी मानत होते. प्रत्यक्षात ती सायटोकाइन ही दाहाचे संकेत देणारी प्रथिने सोडण्यात अधिक सक्रिय असली तरी जवळच्या नव्या इजेची वर्दी ऐकण्यात मंद झालेली दिसत होती. दीर्घकाळ चालणाऱ्या दाहात मेंदूची हानी का वाढत जाते, याचा विचार करताना ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते.

डिशमधील पेशी म्हणजे मेंदूतील पेशी नव्हे, ही मर्यादा मी प्रत्येक सादरीकरणात आधी सांगते. सीरममध्ये, म्हणजे रक्तातून वेगळ्या काढलेल्या द्रवात, वाढलेली मायक्रोग्लिया फांद्या आखडते आणि काही दिवसांतच तिची मूळ ओळख असलेली जनुके मंदावतात; पी२वाय१२ हा ग्राहीही त्यांतच येतो. जिवंत मेंदूत चित्र वेगळे आहे. जर्मनीतील ट्युबिंगन येथील गटाने २०११ मध्ये दाखवले की निरोगी उंदराच्या मेंदूत बहुतेक मायक्रोग्लिया कॅल्शियमच्या दृष्टीने शांत असतात, पण शेजारच्या एकाच चेतापेशीला इजा केली तरी त्यांच्यात चढ उठतो. पुढे २०२० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी जाग्या उंदरांत पाहिले, की चेतापेशींची हालचाल फार वाढली किंवा फार कमी झाली, तर दोन्ही वेळा मायक्रोग्लियाच्या फांद्यांतील कॅल्शियमचे संकेत वाढतात, आणि ते पेशीच्या देहापेक्षा फांद्यांत जास्त दिसतात. माझ्या गोल, फांद्या आखडलेल्या पेशींत हे दिसणे शक्यच नव्हते. म्हणून आता आम्ही सीरमविना, टीजीएफ-बीटा व आयएल-३४ ही संकेत देणारी प्रथिने आणि कोलेस्टेरॉल देऊन पेशी वाढवतो. त्या कमी जगतात, पण त्यांना फांद्या फुटतात.

यंदा जूनमध्ये लॅबमध्ये नवी विद्यार्थिनी आली. तिला मी पहिले काम तेच दिले: काहीही न देता दहा मिनिटे नोंद. चौथ्या दिवशी तिची चाळीस पेशींची नोंद चांगली आली, फक्त तेविसाव्या पेशीची रेघ सहाव्या मिनिटाला उठली, मिनिटभर वर राहिली आणि खाली आली. तिने मला बोलावले आणि विचारले, “ताई, मी काहीच टाकलं नाही, मग ही एकटीच का उठली?”

प्रवाहाचा वेग आम्ही तपासला. तो बदललेला नव्हता. मग तिला डिश न हलवता प्रवाहातून प्रोपिडियम आयोडाइड द्यायला सांगितले. हा रंग पटल फाटलेल्या पेशीतच शिरतो. दोन मिनिटांनी तेविसाव्या पेशीच्या अगदी शेजारी, तिच्या एका फांदीच्या टोकाशी, एका मेलेल्या पेशीचे केंद्रक लाल उजळले. एका पेशीच्या एका चढावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मी तिला सांगितले आणि तिने ते वहीत लिहिलेही. पुढच्या सोमवारी एपायरेझ घालून आणि न घालता, प्रत्येकी सहा डिश, काहीही न देता फक्त दहा मिनिटे बघायच्या, असे आम्ही ठरवले. तिने तेविसाव्या पेशीभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि त्याखाली वेळ लिहिली.